माउंटखालची सही

बायकांच्या त्या मेळाव्याला मी जाणारच नव्हते. ओळखी वाढवायच्या म्हणून गोड हसत उभं राहणं मला जमत नाही. पण धाकटी जाऊ हट्टालाच पेटली. आमचं फ्रेमचं दुकान आहे. चौकटी मी करते, गिऱ्हाईक ती सांभाळते. कलादालनातल्या सगळ्या चित्रांना नव्या फ्रेमा करायच्या होत्या आणि ते काम कोणाला द्यायचं, हे तिथल्या संचालिकाबाई ठरवणार होत्या. काम मिळालं नाही तर दुकान बंद, असं घरात ठरलं होतं. दुकान सासऱ्यांचं, पण तीस वर्षं हात माझे. म्हणून गेले.

निमित्त होतं त्याच कलादालनात भरलेल्या मागच्या पिढीच्या चित्रकार बायकांच्या प्रदर्शनाचं. प्रत्येकीने एका चित्राशेजारी उभं राहून घंटी वाजेपर्यंत एक मिनिट आपल्या कामाबद्दल बोलायचं, अशी टूम निघाली होती. दातांची डॉक्टर, बेकरीवाली, विमावाली, वकीलबाई, सगळ्या नटूनथटून आल्या होत्या. जाऊ तर पत्ते पिसून वाटावेत तशी कार्डं वाटत सुटली.

मी आपली चौकटी बघत होते. माझं असंच, आधी कोपरे, मग चित्र. एका नदीच्या चित्राला एवढी जाड सोनेरी फ्रेम, की नाकापेक्षा मोती जड. पुढे एका छोट्या चित्रापाशी थबकले. खिडकीत वाळत घातलेले मोजे. खाली पाटी: 'चित्रकार अज्ञात. बंद पडलेल्या महिला वाचनालयाकडून भेट.' भिंतीपासून जरा तिरकं करून मागे डोकावले. मागे आमच्याच दुकानाची चिठ्ठी, आणि अक्षर माझं.

तीस वर्षांपूर्वीचं काम. लग्न होऊन मी नुकतीच दुकानात बसायला लागले होते. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, सहीवर कधी येऊ द्यायची नाही, हे सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण या चित्रावरची सही अगदी खालच्या काठाशी, तीही वाकडी. ती दिसू द्यायची तर खालची पट्टी अरुंद होत होती, आणि मला चारी बाजू सारख्या हव्या होत्या. मी सही झाकली. पट्टी इतकी सुरेख बसली की माझी मीच पाठ थोपटून घेतली.

चित्र न्यायला ते काढणारी बाई स्वतः आली होती. बराच वेळ बघत राहिली. सही जिथे असायला हवी होती तिथे काचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "छान झालंय हो." मला वाटलं, खूश झाली.

जाऊला कोपऱ्यात घेऊन हे सांगितलं, तर ती पांढरी पडली. "ताई, आज गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची. आधी काम तर मिळू दे."

तिचं काही चुकीचं नव्हतं. वकीलबाई बोलत होत्या तोवर मीही तेच ठरवलं होतं. मग माझी पाळी आली, आणि मी जाऊन उभी राहिले ती मोज्यांच्या चित्राशेजारीच. का, ते मला विचारू नका.

"मी फ्रेमा करते," मी म्हणाले. "ही बाई अज्ञात नाही. तिचं नाव मी झाकलंय."

मग सगळं सांगून टाकलं. मिनिट कधीच संपलं होतं, पण घंटी वाजवायचं कोणाला सुचलं नाही. संचालिकाबाईंनी विचारलं, आत्ता उघडता येईल का? दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मोबाईलचा उजेड धरला, बेकरीवालीने टेबलावरचे कप हटवले. मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा बाजूला केला. सही होती, वाकडी आणि ठसठशीत. नाव, आडनाव, साल. मी मोठ्याने वाचलं, आणि सगळ्या बायकांनी ते माझ्यामागून म्हटलं. मला रडू आवरेना. लाजही वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

संचालिकाबाईंनी पाटीवरचं 'अज्ञात' खोडून तिथे पेनाने नाव लिहिलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. जाऊने डोळे गच्च मिटून घेतले.

"आमच्या कोठीत अज्ञातांची आणखी एकवीस चित्रं पडून आहेत," त्या म्हणाल्या. "सोमवारी या. आधी ती उघडू, मग बाकीच्या फ्रेमा."

त्यातल्या किती सह्या मीच झाकलेल्या निघतील सांगता येत नाही, असं मी म्हटलं.

"म्हणून तर तुम्हीच हव्यात. सही कुठे झाकतात, ते तुम्हाला ठाऊक आहे."