अर्धा स्वर खाली

पियानोचे सूर लावणाऱ्या त्या बाईंना सगळे कानबाई म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं. त्यांच्या धंद्यातली बाकीची मंडळी खिशात दुबोटी काटा बाळगतात. तो ठोकायचा, त्याचा एकुलता एक सूर कानाशी धरायचा आणि तिथून तारा जुळवत जायचं. कानबाईंनी काटा कधी घेतलाच नाही. "देवाने माझ्या कानातच बसवून पाठवलाय," त्या म्हणत. गर्व म्हणा हवं तर, पण उभ्या आयुष्यात त्यांचा सूर केसभर हलला नव्हता.

आणि मग उजव्या गालातली एक नस बिनसली. वाऱ्याची झुळूक लागो, दात घासणं असो, नुसतं 'हो' म्हणणं असो, जबड्यात वीज कडाडायची. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, "हे नसेचं दुखणं. मुळापासून जाईलच असं नाही. पण आवरून धरू."

आधी गाबापेन्टिनची कॅप्सूल झाली. तिने वीज थांबली नाही, नुसती जरा लांब गेली, आणि डोक्यात मात्र कापूस भरला. एकदा तर कानबाई काम करता करता पियानोच्या झाकणावर कपाळ टेकून गाढ झोपल्या. मग कार्बामाझेपीनची पांढरी गोळी आली. रक्त तपासत, मात्रा हळूहळू वाढवत वीज एकदाची गेली. त्या सकाळी कानबाई दात घासतच राहिल्या, आणि आरशातल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

"वहिनी, उद्यासाठी चार दात ठेव गं," मागून नणंद म्हणाली. ती औषधाच्या दुकानात काम करायची. गोळ्या आणायची तीच, आणि चिडवायचा मक्ताही तिचाच.

"वन्सं, जळू नका. तुमच्या कवळीला काय कळणार हे सुख!"

त्याच आठवड्यात प्रार्थनामंदिराच्या सभागृहाचा पियानो लावायचा होता. रविवारी गायनवृंदाची प्रार्थना होती. कानबाईंनी पहिली पट्टी दाबली आणि चरकल्या. अख्खा पियानो अर्धा स्वर खाली बसलेला! त्यांनी किल्ली घातली, एकेक खुंटी पिळली, तारा वर चढवत नेल्या. मधली एक तार फटकन तुटली. "म्हातारी झाली बिचारी," म्हणत त्यांनी नवी चढवली.

संध्याकाळी वृंदाच्या बाई मुलींचा सराव घ्यायला आल्या. दोन ओळी झाल्या आणि त्यांनी हात वर केला. "कानबाई, फार चढलाय हो. मुली गात नाहीयेत, किंचाळतायत."

"मुलींना सर्दी झाली असेल," कानबाई ताडकन बोलल्या आणि पिशवी उचलून निघाल्या.

रस्ताभर त्या धुसफुसत होत्या. घरी येऊन दाराची घंटा दाबली आणि बोट तिथेच राहिलं. नणंदेने दार उघडलं.

"वन्सं, आपली घंटा बिघडली का हो? खाली उतरलीय."

"घंटा कुठे जिना उतरते! रोजच्यासारखीच वाजतेय."

कानबाईंनी पुन्हा दाबली. चमचा पेल्यावर वाजवून पाहिला, मग शेजारच्यांच्या घड्याळाचे टोले ऐकले. सगळंच अर्धा स्वर खाली. एक तार उतरेल, एक पियानो उतरेल, पण सगळं जग एका दिवसात कसं उतरेल? कळलं होतं त्यांना. उतरला होता तो कान.

नणंदेने लगेच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "क्वचित होतं असं या गोळीने. इजा नाही, गोळी थांबली की कान पूर्ववत होतो. पण आपल्या मनाने एकदम बंद करू नका. हवं तर हळूहळू कॅप्सूलवर परत जाऊ."

म्हणजे गाल हवा की कान, एवढाच प्रश्न उरला. कॅप्सूल घ्यावी तर कान खरा, पण वीज परत आणि डोक्यात कापूस. गोळी घ्यावी तर जेवता येतं, हसता येतं, पण ज्या कानाच्या जोरावर आयुष्य काढलं तोच खोटा.

कानबाईंनी चमचा पुन्हा पेल्यावर वाजवला, मग बशीवर, मग परत पेल्यावर. नणंदेने, नवल म्हणजे, न चिडवता चहा ठेवला.

"वन्सं," कानबाई शेवटी म्हणाल्या, "सगळंच सारखं उतरलंय ना? मग दोन सुरांमधलं अंतर तेवढंच आहे. पहिला सूर तेवढा मला बाहेरून हवा."

"म्हणजे काटा?"

"म्हणजे काटा," त्या म्हणाल्या. कडू काढा गिळावा तसा त्यांनी तो शब्द गिळला.

सकाळी त्या वाद्यांच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "कोणा शिकाऊ माणसासाठी का, कानबाई?"

"हो. नवीनच लागलीय ती. मीच."

मग सभागृहात त्या आणि तो पियानो. काटा ठोकला. कान ओरडला, हा सूर खाली आहे, ओढ वर! मनगट वळायला लागलं. कानबाईंनी ते आवरलं, काट्याच्या सुराला तार आणून सोडली आणि पुढे निघाल्या. प्रत्येक तारेला कान भांडत होता आणि प्रत्येक तारेला त्या त्याला गप्प बसवत होत्या. शेवटची तार लागली आणि त्यांनी किल्ली खाली ठेवली.

"कोणा दुसऱ्याकडून तपासून घेऊ का?" वृंदाच्या बाईंनी चाचरत विचारलं. गेल्या महिन्यात हे कोणी विचारलं असतं तर कानबाईंनी त्याच्या घरची पायरी चढली नसती.

"घ्या की. अवश्य घ्या."

वृंदाला साथ करणाऱ्या व्हायोलिनवाल्याने आपलं सूर मोजायचं यंत्र लावून खालपासून वरपर्यंत सूर तपासले. "जागच्या जागी आहे सगळं," तो म्हणाला.

रविवारी प्रार्थना झाली. मुलींचे आवाज छताला लागले, आणि मागच्या रांगेत बसून कानबाई तोंड भरून गायल्या. गाल गप्प होता. बाहेर पडताना नणंदेने हळूच विचारलं, "तुला कसं ऐकू आलं?"

"पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चुकीचं."

"मग डॉक्टरीणबाईंना काय सांगू? कॅप्सूल?"

"पांढरीच चालू ठेवा म्हणावं." कानबाईंनी पदर सावरला, मान ताठ केली. "आजवर एवढे पियानो लावले वन्सं, त्यात माझं काय होतं? कान देवाचा, सूर त्याचा. हा एक मात्र मी लावला."

"हळू बोल. आपण अजून त्याच्या दारातच आहोत."

"ऐकू दे की," कानबाई म्हणाल्या. "त्याला सांगायलाच तर आले होते."