चारांतली एक बाटली

किल्लीवालीच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. सहाव्या वर्षी ते शिवलं, तेव्हा चार बाटल्या रक्त लागलं. त्यातली एक अप्पांची, म्हणजे तिच्या वडिलांची. पस्तीस वर्षं अप्पा दुकानात किल्ली करायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवत, "पोरीच्या अंगात माझं रक्त आहे!" आणि ती कानस घाशीत म्हणे, "सगळ्याच पोरींच्या असतं, अप्पा."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तिला हिपॅटायटिस सी असल्याचं सांगितलं. बहुधा त्या चारांतल्या एखाद्या बाटलीतूनच आलेला. तेव्हा रक्ताची तशी तपासणीच नव्हती. यकृत पार सुजलं होतं. दम लागला, पाय सुजले, की घरात म्हणायचे, हृदयाचं दुखणं आहे, चालायचंच. तीही म्हणायची. त्या 'चालायचंच'चा आता तिला भयंकर राग आला होता. आधी बारा आठवडे गोळ्या, मग हृदयाची निकामी होत आलेली झडप बदलायची. "आणि वडिलांचं रक्तही तपासा," बाई म्हणाल्या. "त्यांनाही असेल तर औषध हवं."

तेव्हापासून गिऱ्हाइकांना रक्ताची गोष्ट ऐकवणं बंद झालं. आज तपासणीला निघायच्या वेळी ते दुकानामागच्या खोलीत शिरले आणि आतून कुलूप लावून बसले.

"अप्पा, उघडा."

"मला काय धाड भरलीय? तू जा."

"भिताय तुम्ही."

"भितोच! माझीच बाटली निघाली तर तुला तोंड कसं दाखवू?"

तिनं तार वाकवली. दारातलं दोन्ही बाजूंनी उघडणारं कुलूप अप्पांनीच बसवलेलं, उघडायचंही त्यांनीच शिकवलेलं. मिनिटभरही लागलं नाही. धापा टाकत ती उंबऱ्यातच बसली.

"रक्त मिळालं नसतं तर मी सहाव्या वर्षीच गेले असते. एवढी वर्षं मिरवलंत ना? मग आता कच खायची नाही. मी गोळ्या घेणार, झडप बसवणार, चांगली खडूस म्हातारी होणार. आणि ते बघायला तुम्ही हवात मला. चपला घाला."

अप्पांनी कुलूप निरखलं. "ओरखडाही नाही उठला," ते पुटपुटले आणि चपला शोधू लागले.

तपासणी केंद्रात सुई घेऊन बसलेल्या बाईनं विचारलं, "आजोबा, पूर्वी कधी रक्त दिलंय?"

अप्पांनी मान खाली घातली.

"दिलंय तर!" सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात किल्लीवाली म्हणाली. "माझ्या अंगात ह्यांचं रक्त आहे."

अप्पांनी बाही वर सारली.