पाळण्याला जागा

हैदराबादला चिक्कडपल्लीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये मराठी घरं नऊ, आणि त्या घरांतल्या बायकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप मी चालवते. माझं नाव प्रियदर्शिनी, पण सगळ्या मला अक्काच म्हणतात. माझं माहेर गौलीगुड्याचं, चार पिढ्या इथल्याच. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेल्या या पोरींना भटजीपासून प्लंबरपर्यंत सगळं मी मिळवून देते, त्यामुळे माझा शब्द सहसा कुणी मोडत नाही. मला ते आवडतं. आवडत नाही असं म्हणणाऱ्या बायका खोटं बोलतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या शर्वरीला सातवा लागला आणि डोहाळजेवण ठरलं. सगळ्यांनी मिळून एकच मोठी भेट द्यायची, हे मीच सुचवलं. मग ग्रुपवर सूचनांचा पाऊस. एक म्हणाली बाबागाडी, एक म्हणाली डायपरचे खोके, एकीने तर गिफ्ट व्हाउचर सुचवलं. मी लिहिलं, "ओटीत कागद घालणार काय गं?" तिने मेसेज पुसून टाकला. मी माहेरच्या गल्लीतल्या सुताराकडे गेले आणि सागवानी पाळणा ठरवला. पितळी कड्या, दोन्ही बाजूंना कोरलेले पोपट, आणि टांगायला स्वतःची चौकट. फोटो टाकला तसे ग्रुपवर बदाम उमटले. मी खूश होते.

शर्वरीच्या सासूबाईंनी, गंगूकाकूंनी, फोटो पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला. "लेकरू यायच्या आधी माझ्या घरात झबलंबी येणार नाही, आन् तुम्ही पाळणा आणायलात? नक्को माय. फोटो दाखवा, कौतुक करा, पाळणा बाळंतपण झाल्यावर."

त्यांचं चूक नव्हतं. रिकामा पाळणा आधी येऊन बसू नये, हे मलाही माहीत होतं. उत्साहात विसरले, एवढंच. पण सुताराचं काम झालं होतं आणि त्याच्या दुकानात बोट ठेवायला जागा नव्हती. दोन दिवसांत उचला म्हणाला. आता दोन महिने तो ठेवायचा कुठे?

ग्रुपवर विचारलं, तर एकेकीचं घर अचानक लहान झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या राणीने खरं कारण लिहून टाकलं: "अक्का, आमची नणंद इथेच राहते, तिचं लग्न आत्ताच झालंय. तिच्या डोळ्यांसमोर नको." ते सगळ्यांनाच पटलं. माझ्या स्वतःच्या घरात नवी सून होती. मीही ठेवून घेतला नाही.

तेव्हा मला गौरी आठवली.

गौरी चौथ्या मजल्यावरची, पुण्याची. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. घरून काम करायची, हळदीकुंकवाला दर वेळी "मीटिंग आहे" म्हणायची. तिच्या घरात एक खोली नुसती पडून होती, दार लावलेलं. त्या बंद खोलीचा मला उगाच राग यायचा. आमच्याकडे पोराचं लग्न झाल्यावर आम्ही नवराबायको हॉलमध्ये झोपायला लागलो, आणि इथे अख्खी खोली मोकळी!

मी ग्रुपवर लिहिलं, "गौरीकडे ठेवू या. खोली रिकामीच आहे, आणि तिच्याकडे तशी काही भीतीही नाही." पुढे हसरा चेहरा टाकला. गौरी त्याच ग्रुपवर होती. पाच मिनिटांत सहा अंगठे आले. राणीने लिहिलं, "बेस्ट आयडिया." गौरीने वाचल्याचं मला दिसलं, पण तिचं उत्तर आलं नाही.

संध्याकाळी ती स्वतः खाली आली, दारातच उभी राहिली. "अक्का, पाळणा माझ्याकडे नको ना."

"का गं?"

"खोलीत जरा काम काढायचंय."

"कसलं काम? पेंटिंग?"

तिला खोटं बोलता येत नव्हतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "पंधरा दिवसांनी चालेल का? फक्त पंधरा दिवस सुताराला थांबायला सांगा."

तिला तेव्हा दिवस जाऊन अडीच महिने झाले होते. आठ वर्षांनी. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे माझी दया येणार नाही. तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, हे तिला तिच्या आईने बजावलं होतं. आपल्याकडे तसंच करतात. मी स्वतः तसंच केलं होतं, दोन्ही वेळेला. तरीही पंधरा दिवस म्हटल्यावर माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. मला तिच्या तोंडावर फक्त हेवा दिसला.

"हे बघ गौरी," मी म्हणाले, "शर्वरीचं चांगलं झालंय, त्यात मन मोठं करावं. एक पाळणा ठेवून घेतल्याने आपलं काही कमी होत नाही. मी तर म्हणते शकुन होईल तुला."

तिने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलली असती तर मी तिला उचलून घरात नेलं असतं, साखर भरवली असती. ती नुसतं "ठीक आहे," म्हणाली आणि जिन्याने वर गेली. लिफ्ट समोर होती तरी जिन्याने.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवाला पाळणा घेऊन आला. "अक्का, किधर रखना इसकू?" "चौथा मजला," मी म्हणाले आणि बरोबर गेले. गौरीने खोलीचं दार उघडलं आणि बाहेरच थांबली. आत भिंतीला नवा फिकट पिवळा रंग होता, खिडकीला नवे पडदे. तेही मी पाहिलं आणि काही समजले नाही. पाळणा चौकटीला टांगला, कड्या वाजतात का बघायला एक झोका दिला.

"अक्का, रिकामा हलवू नका!" ती एवढ्या जोरात ओरडली की ट्रॉलीवाला दचकला.

मी हसले. "कंप्युटरवर काम करतेस आणि असलं मानतेस? पाळण्यात काही नसतं गं." आणि अजून एक झोका दिला. का दिला? तिने मला ओरडून थांबवलं म्हणून. दुसरं कारण नाही.

डोहाळजेवण थाटात झालं. शर्वरीला फुलांचे दागिने, हिरवा शालू, आणि ताटाशेजारी पाळण्याचा फ्रेम केलेला फोटो. गौरी आली नाही. "बघा, नाहीच आली," असं मी दोघींना तरी म्हणाले असेन.

पाळणा आल्यापासून नवव्या दिवशी पहाटे हर्षदने, तिच्या नवऱ्याने, तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वॉचमनने सांगितलं तसा मी दुपारी खिचडीचा डबा नेला. ती घरी परतली होती, भिंतीकडे तोंड करून पडली होती. हर्षदने सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, होतं असं, कुणाची चूक नसते. पुण्याहून त्याच्या आईचा फोन येऊन गेला होता. घरात काय आणलं होतं, एवढंच त्या तीन वेळा विचारत राहिल्या.

पंधरा दिवस, पिवळी भिंत, ती किंकाळी, सगळं एकदम समजलं. मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण मी जे बोलले ते हे होतं: "पाळण्यात काही नसतं गं गौरी. मनात आणू नकोस."

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "आता तरी न्या."

"नेते की. पण शर्वरीचे दिवस भरेपर्यंत कुठे नेऊ, तूच सांग."

माझ्या घरात सून होती ना. पाळणा तिथेच राहिला, सात आठवडे. पलीकडच्या खोलीत, दार लावून.

शर्वरीला मुलगी झाली. सिकंदराबादच्या दवाखान्यातून ती घरी आली त्याच दिवशी गंगूकाकूंचा निरोप आला, पाळणा पाठवा, बारशाला लागेल. मी खाली ट्रॉलीवाल्याला उभा करून वर गेले.

गौरीने पाळणा पुसून ठेवला होता. कड्या चिंचेने घासून लख्ख केल्या होत्या, आत धुतलेलं मऊ सुती फडकं अंथरलं होतं. मी उचलायला हात लावला आणि काढून घेतला. डोळ्यांसमोर शर्वरीची पोर आली, चार दिवसांची, मुठी आवळलेली. या पाळण्यात तिला घालायचं? या घरात जे झालं त्यानंतर? आणि उद्या तिला साधा ताप जरी आला तरी गंगूकाकू मला सोडतील?

"काय झालं?" गौरीने विचारलं.

"राहू दे," मी म्हणाले. "दुसरं काहीतरी बघते."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही. "पाळण्यात काही नसतं म्हणालात ना, अक्का? दोनदा म्हणालात. मग न्या."

पाळण्यात काही नसेल तर न्यायला हरकत नव्हती, आणि काही असेल तर ते तिच्या घरात मी आणून ठेवलं होतं. हे तिलाही कळलं होतं. मी चपला घातल्या. जाता जाता, मेली ही जीभ, म्हणाले, "तुझ्याकडेच असू दे. पुढे लागेल तुला."

तिने दार लावलं. मी ट्रॉलीवाल्याला परत पाठवलं आणि मोबाइलवर बाबागाडी मागवली. दुसऱ्या दिवशी आलीसुद्धा.

पण ग्रुपला कारण द्यायला हवं होतं. वर्गणी सगळ्यांची होती, पाळण्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते, आणि गौरीला काय झालं हे आमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. मी लिहिलं, "पाळणा गौरीकडे दमट जागेत राहून खराब झालाय. बाळासाठी रिस्क नको. बाबागाडी घेतली आहे."

लगेच एकेकीचं सुरू झालं. राणीने लिहिलं, "एवढा सुंदर पाळणा! दोन महिने सांभाळता नाही आला?" दुसरीने कपाळावर हात मारलेला चेहरा टाकला. गौरीने वाचलं. मी फोन हातात धरून बसले. आता ती खरं लिहील असं वाटत होतं, आणि लिहावं असंही कुठेतरी वाटत होतं.

मग तिचा मेसेज आला. "सॉरी. माझ्याकडून सांभाळला गेला नाही."

त्यावर सगळ्यांच्या आधी मीच उत्तर दिलं. "असू दे गं. होतं असं."