फळीवाल्यांचं घर गल्ली ओलांडतं

आमच्या गल्लीच्या मधोमध एक पांढरा पट्टा मारलाय. पट्ट्याच्या अलीकडे आमचा प्रांत, पलीकडे त्यांचा. देश एकच, नाणं एकच, डासही तेच, फक्त कायदे दोन. अलीकडे कुत्र्याला परवाना लागतो, पलीकडे सायकलला. मी एकदा बिनपरवान्याचं कुत्रं इकडे आणि बिनपरवान्याची सायकल तिकडे धरून पट्ट्यावर तासभर उभा राहिलो होतो. दोन्हीकडचे पोलीस आले, एकमेकांकडे बघून परत गेले.

माझं सुतारकामाचं दुकान अलीकडे. मला सगळे खुंटी म्हणतात, कारण फळीवाल्यांच्या खुंट्या मी करतो. फळीवाले म्हणजे आमच्याकडची साठ-सत्तर घरं. मी त्यांच्यातला नाही. मी इथल्या मोठ्या जमातीतला, ज्यांना कशालाच परवानगी लागत नाही. फळीवाल्यांचा धर्म तसा साधा, पण एक नियम वेगळा. त्यांच्या प्रार्थनाघराला पाया नसतो आणि त्यात लोखंडी खिळा नसतो. सगळ्या फळ्या लाकडी खुंट्यांनी अडकवलेल्या. घर एका दिवसात उतरवता आलं पाहिजे, असं त्यांच्या पूर्वजांनी ठरवून ठेवलंय, बहुतेक अनुभवावरून. प्रत्येक घराची एक फळी. ती घासायची, तिला तेल पाजायचं, हे त्या घराचं काम. पोरांना पाढ्यांच्या आधी आपली फळी कितवी ते पाठ असतं.

आणि त्यांच्यात लग्न लागतं ते त्या फळ्यांखालीच. दुसरीकडे लावलं तर सरकार मानेल, पण त्यांच्यातलं कुणी मानत नाही.

तर त्या दिवशी सकाळी घड्याळवाला आला. शाळेपासूनचा दोस्त. कपाळावर भिंग तसंच वर सरकवलेलं, म्हणजे दुकान उघडं टाकून आला होता.

"खुंट्या, दारावर कागद चिकटवलाय."

"कुणाच्या?"

"प्रार्थनाघराच्या. इमारत धोकादायक, आत जायला मनाई. तुळई तडकलीय ना."

"मग बदलू की. सागाची पडलीय माझ्याकडे."

"बदलायला परवानगी हवी."

हे मला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. आमच्या प्रांतात छोट्या धर्मांच्या प्रार्थनाघरांना बांधकाम, वाढ, डागडुजी, रंग, कशालाही परवानगी लागते. अकरा वर्षांपूर्वी यांनी अर्ज केला तेव्हा नुसतं छप्पर गळत होतं. अर्ज विचाराधीन राहिला. पाणी काही विचार करत बसलं नाही, ते तुळईत मुरलं.

"सव्वीस दिवसांवर लग्न आलंय पोरीचं," तो म्हणाला. "मुलाकडचे म्हणतात, फळी नाही तर लग्न नाही. त्यांना मी समजावलं असतं रे. पण पोरगीच म्हणते, बाबा, मी आपल्या फळीखाली उभी राहीन, नाहीतर कुठेच नाही."

ही पोरगी माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली. लहानपणी माझ्या भुशाच्या ढिगात लपून बसायची. मी करवत खाली ठेवली आणि चप्पल घातली.

परवाना कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे. साहेबांची खुर्ची माझ्याच हातची. एक पाय मी मुद्दाम केसभर आखूड ठेवलाय, त्यामुळे सही करताना साहेब जरासे डुलतात. त्यावर उपाय म्हणून त्यांनी त्या पायाखाली कागदाची घडी घातलीय, तरी डुलतातच. कुणाचा तरी अर्जच असणार.

"दुरुस्तीचं अजून विचाराधीन आहे," साहेब आम्हाला बघूनच म्हणाले.

"साहेब, तुळई डोक्यात पडेल कुणाच्या तरी," घड्याळवाला म्हणाला.

"म्हणून तर कागद लावला. तुमच्या जिवाची काळजी आम्हालाच."

मी म्हणालो, "साहेब, दुरुस्ती राहू द्या. पाडायचं झालं तर?"

साहेब डुलायचे थांबले.

"पाडायचं? सगळं?"

"मुळापासून. तसं मूळ नाहीच म्हणा त्याला."

घड्याळवाल्याने माझ्या बरगडीत कोपर मारलं. मी ढिम्म. साहेबांनी खण उघडला, कोरा करकरीत अर्ज काढला, स्वतःचं पेन दिलं आणि शिपायाला तीन चहा सांगितले. एकवीस वर्षांत त्या कार्यालयात मला चहा मिळाला तो तेव्हाच. दुरुस्तीला सात खात्यांच्या सह्या लागतात, पाडायला एकच.

"कारण काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"स्वखुशीने लिहा. आणि वय लिहा साहेब. छप्पन्न वर्षं जुनं प्रार्थनास्थळ होतं, एवढं तरी राहू द्या यांच्या नावावर."

"लिहितो ना." साहेबांचा चेहरा अगदी मऊ झाला होता. "छप्पन्न वर्षं जुनं, नोंदणीकृत, संपूर्ण लाकडी. झालं समाधान?" आणि त्यांनी गोल शिक्का असा दाबला की टेबलावरचे कप वाजले.

जिन्यात घड्याळवाल्याने माझी कॉलर धरली. "शुद्धीवर आहेस का तू? माझ्या आजोबांनी उभं केलेलं घर आहे ते."

"आणि तू गल्लीपलीकडे उभं करणार आहेस. तुझ्या बहिणीच्या अंगणात. तिकडे तुम्हाला डागडुजीची मोकळीक आहे."

"मोकळीक आहे, पण नवीन बांधायला दोन वर्षं लागतात तिकडे."

"नवीन कुठे? हे छप्पन्न वर्षांचं आहे. पन्नासच्या वरच्या घराला तिकडे कुणी विचारत नाही. माझं बोलणं झालंय तिकडच्या परवाना कार्यालयातल्या बाईंशी."

माझं कुणाशी काही बोलणं झालं नव्हतं. पण जिन्यात उभ्या माणसाला खाली तरी उतरवायला हवं होतं.

रविवारी सकाळी सगळी घरं आली. मी खुंट्या ठोकून बाहेर काढत गेलो आणि एकेका घराने आपापली फळी उतरवून घेतली. साहेब फोटो काढायला जातीने आलेले. एका म्हातारीने आपली फळी पदराने पुसली, तर साहेबांनी तिचाही फोटो काढला. "सहकार्याबद्दल आभार," असंही म्हणाले.

दुपारी चारला जागा मोकळी झाली आणि फळ्या पट्टा ओलांडायला लागल्या, तेव्हा साहेबांनी मला बाजूला घेतलं.

"हे कुठे चाललेत?"

"लाकूड आहे साहेब. लाकूड न्यायला परवाना लागतो का?"

त्यांनी खिशातलं पुस्तक काढून चाळलं. लागत नव्हता. माझं दुकान त्याच कलमावर चालतं.

सोमवारी मी पलीकडच्या कार्यालयात गेलो. तिथे एक बाई बसतात, कडक. त्या म्हणाल्या, "जुन्या प्रार्थनाघराला सूट आहे, बरोबर. पण जुनं घर जिथं आहे तिथं जुनं हवं. हे तर पाडलंय, असं तुमचाच कागद सांगतो."

"तसं नियमात लिहिलंय का बाई?"

"बघावं लागेल."

बघायला त्यांना सात दिवस लागले. सात दिवस त्या फळ्या घड्याळवाल्याच्या बहिणीच्या अंगणात ताडपत्रीखाली पडून होत्या. तिची धुणं वाळत घालायची जागा गेली, ती एक कुरकुर वेगळीच. घड्याळवाल्याला तोवर कळलं होतं की माझं बोलणं-बिलणं काही झालेलं नव्हतं. तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी दुकानावरून गेलो की भिंग डोळ्यावर ओढायचा. मुलाकडून दोनदा निरोप आला. मी आयुष्यात बऱ्याच खोड्या केल्यात, पण त्या सात दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगी दुकानात आली आणि भुशाच्या ढिगावर बसली. आता ती मावत नव्हती त्यात.

"काका, खरं सांगा. होणार आहे का?"

"माहीत नाही गं."

"बाबांना असंच सांगायचं होतं तुम्ही."

"मग त्याने उतरवलंच नसतं."

तिने शेजारची एक खुंटी उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाली, "खुंट्या नव्या लागतील ना? जुन्या चेपल्यात. मी घासायला बसते." आणि बसली. रोज दोन तास येऊन बसली.

सातव्या दिवशी बाईंनी बोलावलं. त्यांनी नियमाचं पुस्तक तीनदा वाचलं होतं. घर पन्नास वर्षं जुनं हवं, असं त्यात होतं. ती पन्नास वर्षं त्याने कुठे काढावीत, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"आणि वयाचा दाखला शेजारच्या प्रांताच्या सरकारने दिलाय, शिक्क्यासकट," त्या म्हणाल्या. "त्यावर आम्हाला शंका घेता येत नाही. देश एक आहे." हसल्या नाहीत, पण सही करताना त्यांचं पेन जरा मजेत चाललं.

पुढचे दहा दिवस काम. तुळई सागाची घातली. प्रत्येक घर आपली फळी घेऊन आलं आणि न विचारता आपल्या जागी जाऊन उभं राहिलं. घड्याळवाला माझ्याशी अजून बोलत नव्हता, पण त्याची फळी बसवताना म्हणाला, "जरा डावीकडे." तेवढ्यावर मिटलं.

एकच घोळ झाला, आणि तो फळीवाल्यांनाच जमण्यासारखा. जुन्या घराचं दार उगवतीला होतं, म्हणून त्यांनी इथेही दार उगवतीलाच ठेवलं. वाऱ्या-पावसात बदलेल तो फळीवाला कसला. आणि या अंगणातून उगवतीला काय आहे, तर आमची गल्ली. दाराची पायरी थेट पट्ट्याला टेकलेली. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे माझ्या आलं होतं, पण मला बघायचं होतं पुढे काय होतं ते.

लग्नाला दीडशे माणसं. सगळी आत, फळ्यांखाली. सगळ्यांच्या चपला बाहेर, म्हणजे अलीकडे, आमच्या प्रांतात.

साहेब हजर झाले. सोबत शिपाई आणि पुस्तक.

"प्रार्थनेसाठी वीसच्या वर जमाव जमवायला इथे बंदी आहे," ते मला म्हणाले. मी दाराशीच उभा होतो.

"माणसं तिकडे आहेत साहेब."

"चपला इकडे आहेत. तीनशे."

"दीडशे जोड. चपलांचा जमाव धरता येतो का?"

त्यांनी पुस्तक उघडलं. बराच वेळ चाळलं. आतून मंत्र ऐकू येत होते, मुलाकडची एक बाई जोरात नाक शिंकरत होती. साहेबांनी पुस्तक मिटलं, शिपायाला पुढच्या कोपऱ्यावर पाठवलं आणि माझ्या जवळ सरकले.

"एक विचारायचं होतं. खासगी."

"विचारा की."

"माझी सासुरवाडी पट्ट्यापलीकडे, चार गल्ल्या आत. तिकडे आपली माणसं थोडी आहेत. सासऱ्यांच्या आळीत आपलं एक लहानसं प्रार्थनाघर आहे. भिंतीला चीर गेलीय. नऊ वर्षं झाली दुरुस्तीचा अर्ज करून." त्यांचा आवाज खाली आला. "तुम्हाला सांगतो, तिकडचा कायदा आपल्या लोकांसाठी फार जाचक आहे हो. माणसाच्या श्रद्धेचा काही विचारच नाही."

मी तोंडात जीभ धरून ठेवली. फार जड गेलं.

"सासरे थकलेत," ते म्हणाले. "रोज विचारतात. तर म्हटलं, हे जसं इकडून तिकडे नेलंत, तसं ते तिकडून इकडे..."

"खुंट्या आहेत का त्याला?"

"नाही. दगड आणि सिमेंट. पाया सहा फूट खोल. आपल्या लोकांनी भक्कम बांधलंय."

"मग नाही जमायचं साहेब. उचलून न्यावं लागेल असं तुमच्या-माझ्या आजोबांना कधी वाटलंच नाही."

साहेब पायरीवर बसले. खुर्चीत डुलणारा माणूस पायरीवर अगदी स्थिर बसला होता. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली की माझी जीभ सुटते.

"अर्ज करा," मी म्हणालो. "दुरुस्तीचा नको, पाडायचा करा. तिकडेही एका दिवसात देतात. चहासुद्धा मिळेल."

ते माझ्याकडे बघतच राहिले. रागावले असते तर मी समजू शकलो असतो. ते रागावले नाहीत. खाली वाकले, एक लेडीज चप्पल उचलली आणि पट्ट्याच्या पलीकडे ठेवली. मग दुसरी. मग एका म्हाताऱ्याचे बूट. नियमाने जमाव हटवायचा तर हटवायला हवाच होता, आणि शिपाई तर त्यांनीच लांब पाठवलेला. दोन-दोन करत ते सगळ्या चपला सरकवत राहिले. मीही हात लावला. एक इकडची, एक तिकडची, जोड्या मी मुद्दाम फोडत गेलो. सवय जात नाही.

लग्न लागलं. पोरगी दारात आली, मागे घड्याळवाला, डोळ्यांत पाणी आणि कपाळावर भिंग. आज तरी काढायचं होतं. पोरीने पायरीवर उकिडव्या बसलेल्या साहेबांना बघितलं, त्यांच्या हातातल्या चपलेकडे बघितलं.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "दुसरी कुठंय?"

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"काका," पोरगी म्हणाली.

"शोधतो," मी म्हणालो, आणि आम्ही दोघं, साहेब आणि मी, पट्ट्यावर गुडघे टेकून शोधायला लागलो.