सिद्धम्माचं माहेर आणि माझा नवा तक्ता

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जुनी म्हटल्यावर नाक मुरडू नका, माझ्या पोटात अख्खं गाव आहे!

कारखान्यातून निघाले तेव्हा माझी जागा होती चार टीबी. पण लातूरला उमादेवीच्या फोटो स्टुडिओत आले आणि पहिल्याच दिवशी घोळ झाला. माझी वाटणी, जागेचा हिशेब ठेवणाऱ्या एमबीआर नावाच्या जुन्या तक्त्यावर केली गेली. त्या तक्त्याला दोन टीबीच्या पुढचं मोजताच येत नाही. म्हणजे घर चार खोल्यांचं आणि दोन खोल्यांना दारच नाही! तरी मी लग्नं, बारशी मुकाट्यानं सांभाळली. उमादेवी म्हणायची, "गुणाची हाय माझी डिस्क." मी फुगून जायची.

मग दुष्काळाचं ते साल आलं. लातूरला पाणी रेल्वेनं येऊ लागलं. धरण आटलं आणि तळातून एक बुडालेलं गाव वर आलं. ते उमादेवीच्या आईचं, सिद्धम्माचं माहेर. चिखलात आपल्या घराचा उंबरा सापडला तेव्हा म्हातारी त्यावर बसून पोरीसारखी हसली. ते हसू उमादेवीनं फिल्ममध्ये टिपलं आणि माझ्या हवाली केलं. पुढं ढग जमू लागले, गाव पुन्हा बुडायच्या आधी तिथल्या देवळात शेवटची पूजा ठरली, आणि ऐन वेळी मी काठोकाठ भरले!

शेजारचा कॉम्प्युटरवाला नरसिंग धावत आला. "जुना तक्ता बदलून जीपीटी नावाचा नवा तक्ता करू. सगळी जागा मोकळी व्हईल, आतलं काय बी जात न्हाई."

"माझं माहेर पुसलं तर?" सिद्धम्मानं विचारलं.

"मावशी, उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला, तवा तुमचं घर हललं का? निस्ता नकाशा बदलला."

"घर न्हाई हललं. पर धरणाच्या वक्ताला बी सायबं असंच म्हणले होते, काय बी जात न्हाई म्हणून."

नरसिंगनं माउसवरचा हात काढून घेतला. खरं सांगते, मलाही धडकी भरली.

उमादेवी मात्र पदर खोचून उठली. "टँकर आल्यावर आपण काय करताव? घागर, बादली, तांब्या, दिसंल ते भरताव. हे बी तसंच भरू!"

मग काय विचारता! गल्लीतून लॅपटॉप आले, पेन ड्राइव्ह आले. किराणावाल्या रेवणसिद्धनं तर दुकानातला कॉम्प्युटरच उचलून आणला. सगळ्यांत ते गाव थोडं थोडं भरलं गेलं. प्रत्येक फाइल उघडून पाहिली, इन्व्हर्टर जोडला, आणि मगच नरसिंगनं बटण दाबलं.

मित्रांनो, काय सांगू! आतली एकही फाइल जागची हलली नाही. समोरचा तक्ता बदलला आणि त्याची एक प्रत माझ्या शेवटच्या टोकालाही लिहिली गेली. मग नरसिंगनं रिकामी जागा जोडून घेतली आणि मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

उमादेवीनं तीच फिल्म लावली. पडद्यावर उंबरा आला, हसू आलं.

"हाय गं, हाय! जसंच्या तसं हाय!" सिद्धम्मा टाळ्या पिटू लागली. दुसऱ्या दिवशीची पूजाही माझ्यात मावली.

मित्रांनो, मी आता थकले आहे, चालताना करकरते. एक विनवणी ऐका. जे पुन्हा मिळणार नाही, ते एकट्या माझ्या भरवशावर ठेवू नका. त्या पावसाळ्यात धरण भरलं, तेव्हा गल्लीत सगळ्यांच्या आधी साखर वाटली ती सिद्धम्मानं.

"भरू द्या की धरण!" ती म्हणाली. "माझं माहेर आता घरोघरी हाय."