पेणकर मॅडमचा फळा

मित्रांनो, मी वडगाव रासाईच्या शाळेतला एक जुना फळा आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. शाळेमागच्या हौदावर झाकण म्हणून मी आडवा पडलेला असतो आणि तुम्ही माझ्यावर पाय ठेवून नळाला हात लावता.

मला दगडोबा सुताराने घडवलं. सागाच्या फळ्या जोडून त्याने मला इतकं घासलं की हात फिरवला तरी सांधा लागत नसे. मग काळा रंग देऊन मला फाटकाशेजारच्या ओसरीत टांगलं. पुष्कळ वर्षं माझ्यावर रोजचा सुविचार लिहीत, पटसंख्या लिहीत, आणि गावात कुणी वारलं की श्रद्धांजली. यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं.

मग पेणकर मॅडम आल्या. रिबेका पेणकर. त्यांचे वडील दौंडला रेल्वेत गार्ड होते. मॅडम तिथल्या कॉलनीतच वाढल्या. चित्रकला शिकवायला त्या एसटीने येत. नोकरी कायम नव्हती, तासांप्रमाणे मानधन मिळे. खिचडी शिजवणाऱ्या अनसाबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, "पेणच्या म्हंजी गणपती करत असाल की तुम्ही?"

मॅडम हसल्या. "आम्ही ज्यू आहोत, अनसाबाई. आमच्यात देवाची मूर्ती करत नाहीत. पण तुमच्या गणपतीमागची आरास मी काढून देईन."

आणि दिलीही. पण खरं चित्र त्यांनी काढलं ते माझ्यावर. देवाने सहा दिवसांत जग घडवलं, ही त्यांच्या धर्मग्रंथातली कथा त्यांनी रंगीत खडूंनी सात चौकटींत मांडली. पाण्याच्या चौकटीत भीमा आली, झाडांच्या चौकटीत ऊस आणि बाभळी आल्या. खडू उचलण्याआधी त्या डोळे मिटून हिब्रूत काहीतरी पुटपुटत. त्यानंतर त्यांचा हात माझ्या अंगावर असा फिरे, की मी लाकूड आहे हे मी विसरून जाई.

सातवी चौकट त्यांनी काळीच सोडली. सायली नावाची एक मुलगी रोज शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ रेंगाळायची. ती म्हणाली, "मॅडम, ही राहिली की."

"राहिली नाही, ठेवली. त्या दिवशी देवानं हात थांबवला. आमचा शब्बाथ. शनिवारी मीही खडू धरत नाही."

जुन्या मुख्याध्यापकांनी त्यांना शनिवारची सूट दिली होती. बदल्यात मॅडम इतर दिवशी शाळा सुटल्यावर जादा तास घेत. त्या तासांत सायली शिकली. खडू आडवा धरून केसांची सावली कशी पसरायची, हे मॅडमनी तिचा हात हातात घेऊन शिकवलं. तिच्याएवढं ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही.

पुढे विक्रम सर मुख्याध्यापक झाले. संस्थेचे अध्यक्ष सर्जेराव आबा यांचा वाढदिवस त्या वर्षी शनिवारी आला. मॅडमनी शुक्रवारी दुपारीच आबांचा चेहरा माझ्यावर पुरा केला आणि शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो, त्याआधी घरी पोचायचं म्हणून लवकरची गाडी धरली. शनिवारी सकाळी म्हस्कू शिपायाने ओसरी धुतली, पाइप वळला आणि आबांचं तोंड गळ्यापर्यंत ओघळलं. सरांनी फोन लावले. शब्बाथला मॅडम फोन घेत नसत. हारतुरे घेऊन आलेले आबा माझ्यासमोर थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "व्हय सर, आमचं तोंडच पुसलं म्हणा की तुम्ही."

लोक हसले. सर नाही हसले.

सोमवारी प्रार्थनेआधी त्यांनी सायलीला बोलावून तिच्या हातात खडू दिला. "तुझ्या मॅडमचं चित्र काढ. शनिवारी घोरत पडल्यात, असं."

सायलीचा हात आधी अडखळला. पहिली रेघ तिने इतकी हलकी ओढली की मला जेमतेम कळली. मग मागून पोरं हसली. हसू वाढलं तसा तिचा हात सुटला. उघडं तोंड आलं, ओघळलेली लाळ आली, आणि शेवटी खडू आडवा धरून तिने केसांची सावली पसरली. खाली सरांनी स्वतः लिहिलं : 'शनिवारची राणी'.

मॅडम एसटीतून उतरून फाटकात आल्या. चित्रापुढे थांबल्या. त्यांची नजर त्या केसांवर खिळली आणि मग सायलीकडे वळली.

"मी न्हाई काढलं, मॅडम," सायली म्हणाली.

मॅडमनी डस्टर उचललं. सर म्हणाले, "राहू द्या. मुलांची गंमत आहे. आठवडाभर राहील."

आठवडाभर ते राहिलं. रोज मॅडम माझ्यासमोरून वर्गावर गेल्या आणि रोज पोरं घोरण्याचे आवाज काढत राहिली. शुक्रवारी सरांनी त्यांना सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून तास नाहीत.

काही महिन्यांनी आमच्याच शाळेत तालुक्याची फलकलेखन स्पर्धा झाली. सायलीने माझ्यावर नदी काढली आणि पहिला नंबर पटकावला. पाहुण्यांनी विचारलं, "एवढा हात कुणी तयार केला तुझा?"

सायलीने विक्रम सरांकडे पाहिलं. "आमच्या सरांनी," ती म्हणाली.

सरांनी मान तुकवून ते श्रेय घेतलं. आणि मित्रांनो, फाटकाबाहेर पेणकर मॅडम उभ्या होत्या. सायली स्पर्धेत आहे असं अनसाबाईंनी कळवलं म्हणून त्या दौंडहून आल्या होत्या. त्यांनी ते उत्तर ऐकलं. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि आल्या वाटेने परतल्या. पुन्हा त्या दिसल्या नाहीत.

नंतर ओसरीत फ्लेक्स लागला आणि मला उतरवलं. माझ्या फळ्यांना आता चिरा पडल्या आहेत, त्याबद्दल मी काही मागत नाही. ओलं लाकूड कुजायचंच. एवढंच मागतो. कधी कुणी तुमच्या हातातली कला पाहून विचारील, "कुणी शिकवलं?" तेव्हा खरं नाव घ्या. शेजारी कुणीही उभं असलं तरी घ्या.