गिळलेली गावं

तुळशीचं पान हातात घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पदरचं एक अक्षर घातलं असेल तर जीभ झडो माझी.

दुबईत मंदी आली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझा भाचा सूर्यकांत तिकडे अल कुसैसला, सामान हलवणाऱ्या कंपनीत फोनवर बसायचा. मंदीत गोऱ्यांच्या नोकऱ्या पटापट गेल्या, आणि जे सोफे दिमाखात आले होते तेच उलटे इंग्लंडला निघाले. सूर्यकांतने फोन करायचा, गावाचं नाव पक्कं करून घ्यायचं, खोक्यावर लेबल लावायचं.

त्यांचा साहेब होता कीथ. दर गुरुवारी जेवणानंतर तो सगळ्यांना टेबलाभोवती उभं करायचा आणि लेबलांवरची गावं वाचायला लावायचा. कुणी लिहिलंय तसं ‘लायसेस्टर’ म्हटलं की हा मांडीवर थाप मारून हसायचा. “लेस्टर, हबीबी, लेस्टर.” तोंडात समोसा, तोही याच लोकांनी वर्गणी काढून आणलेला. हसताना त्याचा ओला भुगा समोरच्याच्या शर्टावर उडायचा. सूर्यकांतला शिसारी यायची. हाच माणूस इतकी वर्षं कुसैसला ‘क्यूसेस’ म्हणत होता, पण त्याला कोण हसणार? पगार त्याच्या हातात.

एका गुरुवारी साहेब म्हणाला, फोनच्या टेबलावर दोघं परवडत नाहीत, एकच राहील. पुढच्या गुरुवारी ज्याचे उच्चार साफ, त्याची नोकरी.

टेबलावर सूर्यकांत आणि अकोल्याचा दत्तप्रसाद. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर, आणि सूर्यकांतची मिहिका त्या वर्षी दहावीला.

तीच बापाची मास्तरीण झाली.

“बाबा, इट्स वुस्टर. नॉट दॅट हार्ड.”

“अगं, ‘वॉर्सेस्टर’ आहे. मधे ‘सेस’ लिहिलंय की ढळढळीत.”

“नोबडी सेज इट. गावातले लोक असंच म्हणतात. पूर्ण वाचलं की कळतं, तू बाहेरचा आहेस.”

“मग लिहितात कशाला?” स्वयंपाकघरातून सुचित्रा, त्याची बायको. “शाई उतू जात होती का मेल्यांची?”

“आई, प्लीज.”

“ह्याला काय म्हणतात? हॅपिसबर्ग ना?”

“हेझबरा.”

“अर्धं गाव गिळलं की गं. नुसती लाळ उरली.”

सूर्यकांतही गिळायला शिकला. आठवडाभर इतकी अक्षरं गिळली की पोट तट्ट फुगलं, ओवा खाऊनही उतरेना. कान लावला तर आत खुळखुळ वाजायचं. सुचित्राने स्वतः ऐकलंय.

आता आमचा सूर्यकांतही काही कमी नव्हता, सदाशिव पेठेतला. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात दत्तप्रसाद म्हणायचा, “पानी दे ना बे.” की हा चारचौघांत, “पाणी. ण बाणातला.” पंगतभर हशा. दत्तप्रसाद बिचारा पोळीकडे बघत बसायचा.

गुरुवार आला. साहेबाने समोशाला हात घातला. “यल्ला, दत्ता, स्टार्ट.”

दत्तप्रसादने लेबल उचललं. कपाळावर घाम. “वायमंडहॅम.”

त्या गावचे लोक ‘विंडम’ म्हणतात. साहेबाच्या तोंडात घास होता, त्याला हसायला वेळ लागला. पण खोलीत कुणीतरी आधीच हसलं होतं, खदाखदा, मोठ्याने. सगळे वळून बघायला लागले तेव्हा सूर्यकांतला कळलं, हसणारा तोच आहे. तेच पंगतीतलं हसू.

“हस बे,” दत्तप्रसाद हळूच म्हणाला. “तुझं खरं आहे.”

मग सूर्यकांतची पाळी. हेझबरा. वुस्टर. विंडम. एकही अक्षर सांडलं नाही. साहेबाने तेलकट हात त्याच्या खांद्यावर ठेवला. “खलास. यू स्टे.”

दत्तप्रसादने ड्रॉवर रिकामा केला. जाताना कूलरवरून ग्लास भरून सूर्यकांतसमोर ठेवला. “पाणी घे,” म्हणाला. ण अगदी बाणातला. सूर्यकांतच्याने ते प्यायलं गेलं नाही.

पुढच्या गुरुवारी साहेबाने आपली खुर्ची मागे सरकवली. “आजपासून तू ऐकायचं. मी खातो.” लेबलांचा गठ्ठा सूर्यकांतच्या हातात दिला. समोर गोदामातली माणसं रांगेत उभी, कालपर्यंत हाही त्याच रांगेत होता. खुर्ची अजून गरम होती. त्याने गठ्ठा चटणीच्या वाटीत कोंबला, “तुझं गाव तूच गिळ,” असं स्वच्छ मराठीत म्हणाला आणि वळून न बघता उन्हात चालायला लागला. थेट शारजातल्या रोल्लाला जाणाऱ्या बसमध्ये बसला.

बरं, तुळस हातात आहे म्हणून सांगते. गठ्ठा, चटणी, बस, एवढं माझं. असं व्हायला हवं होतं म्हणून घातलं. तो कुठेही गेला नाही. गरम खुर्चीत बसला, पुढे ओढून घेतली, वरचं लेबल पहिल्या माणसासमोर धरलं आणि म्हणाला, “वाच.”